बैलाची धमनी

वॉशिंग्टन एचेवेरी,
कॅलेंडरावरचं नाव आवडलं म्हणून आईनं तुला ते ठेवलं
आणि उरुग्वे नदीच्या काठी
हाडांच्या रश्श्यावर वाढवलं.
कारखान्याचा भोंगा झाला की
गावातली घड्याळं खरी व्हायची.
तू हृदयांच्या टेबलावर, एकवीस वर्षं.
आकड्याला लटकत जनावर यायचं,
तू हृदय वेगळं काढायचास
आणि महाधमनीत अंगठा घालून
गोल फिरवायचास,
बाटली विसळावी तसा.
गुठळी निघाली की बादलीत.

रात्री जेवताना सांगायचास,
नेलिदा, आतून काय गुळगुळीत असतं गं,
ओल्या रबरासारखं.
मी म्हणायचे, ताटावर बसून नको ते.

गेल्या ऑगस्टच्या थंडीत
डॉक्टरीणबाईंनी तुझी स्वतःची धमनी दाखवली पडद्यावर.
मध्येच बारीक झालेली,
उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी.
तू चष्मा लावून पाहिलंस,
दुसऱ्या कारागिराचं काम बघावं तसं,
आणि म्हणालास,
असला माल आम्ही परत पाठवायचो.
त्या हसल्या नाहीत.

प्रथिनं लागतातच, त्या म्हणाल्या,
पण ती कधी एकटी येत नाहीत, पाहुण्यासारखी;
सोबत कोण आलंय ते दारातच बघा.
बरगडीबरोबर चरबी येते,
सॉसेजबरोबर मूठभर मीठ,
मसुराबरोबर नुसता चोथा,
आणि तो चोथा, सेन्योर, तुमच्या बाजूचा आहे.
कागदावर लिहून दिलं: हरभरा, राजमा, मासे.
लाल मांस, रविवारी, तळहाताएवढं.
तू तळहात उलटसुलट करून पाहिलास.
एवढा मोठा तळहात
पहिल्यांदाच कामी आला म्हणालास.

तीन दिवस बोलला नाहीस.
अंगणातल्या शेगडीवर मांजर झोपू लागलं.
मी राजमा भिजत घातला.
आजवर आपल्या घरात
भांडणंच तेवढी भिजत पडायची.

चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला
अंथरुणात तुझी जागा गार लागली.
वाटलं, झालं, फ्रिज उघडला असणार.
तर तू ओट्यापाशी,
पातेल्यात बोटं बुडवून उभा.
दाणे फुगले होते, साल सुरकुतलेली.
बैल काय खातो, नेलिदा?
तू विचारलंस.
गवत, मी म्हटलं. झोपायला चल.
गवत, तू म्हणालास.
तेवढे दंड, तेवढी मान, ती सगळी ताकद
गवताची.
आणि आतून ते तसं, ओल्या रबरासारखं.
एकवीस वर्षं मी उत्तरात अंगठा घालून बसलो होतो
आणि पुसत होतो नुसता.

मी काही बोलले नाही.
बोलता आलं असतं,
की तुझ्या टेबलावर यायचे ते बैल
अवघे तीन वर्षांचे असायचे;
तीन वर्षांच्या कुणाचीही धमनी
गुळगुळीतच असते, वॉशिंग्टन.
आपल्या नातवाचीही.
आणि बैलाला चार पोटं, तुला एकच,
तेही हट्टी.
पण पहाटे तीनला माणसाला
एखादी गोष्ट कळली असेल
तर ती अर्धवट खरी असली तरी
राहू द्यावी.

रविवारी तुझा भाऊ विल्मार आला,
बगलेत वर्तमानपत्राचं पुडकं, त्याला तेल सुटलेलं.
कुंपणापलीकडे धूर चढला.
तू तळहाताएवढा तुकडा घेतलास,
मोजून, तळहातावरच ठेवून,
आणि चावत राहिलास, चावत राहिलास,
निरोप देताना हात लवकर सोडवत नाही तसा.
मग मसुराचं ताट पुढं ओढलंस.
यात काहीतरी कमी आहे, म्हणालास.
मी मिठाची बरणी मागे सरकवली
आणि तुझं मनगट धरलं.
धरलं म्हणून कळलं,
नाडी चालली होती,
जराशी चिडलेली.